मी फक्त शेजारी राहत होते

मी खूण बोलतेय. इकडेतिकडे शोधू नका, मी दिसणार नाही. माणसाच्या रक्तातल्या पेशीत एक लांबलचक माळ गुंडाळून ठेवलेली असते. कोट्यवधी मण्यांची ती माळ. बहुतेकांच्या माळेत एका ठरावीक जागी जो मणी असतो, त्याच्याऐवजी माझ्या माणसांत मी असते. बस, एवढीच माझी ओळख. माझ्यामुळे आजवर कुणाचं नाक लांब झालं नाही, कुणाचे केस कुरळे झाले नाहीत, कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. मी काही म्हणजे काहीच करत नाही. आणि तरी एक दिवस असा आला की मोठमोठ्या शहाण्या माणसांनी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांचीच ही कहाणी आहे. यात थोडी फजिती माझी झाली, बरीचशी डॉक्टरांची झाली. पेरिना नावाच्या एका बाईची मात्र अजिबात झाली नाही.

मी एका जागी राहत नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्याच्या ज्याच्या माळेत मी आहे, त्या प्रत्येकात मी पूर्णच्या पूर्ण आहे. सध्या एका बेटावरच्या वेला द्रागा गावातल्या एक्केचाळीस माणसांत माझा मुक्काम आहे. म्हणजे एकाच वेळी मी फादर कुझ्मांच्या आत बसून प्रार्थना ऐकते, पोस्टातल्या बाईंच्या आत बसून दुसऱ्यांची पत्रं वाचते आणि प्रोश्पेरच्या आत बसून तळलेल्या सार्डिन माशांचा वास घेते. त्यामुळे गावात मला कळल्याशिवाय काही घडत नाही. चहाडी करायची सवय मला नाही, पण आपणहून कानावर पडतं त्याला मी काय करणार?

माझा जन्म कुठल्या डोंगरात, कुणाच्या पोटी झाला ते मलाच आठवत नाही. पहिली आठवण होडीची आहे. चारशे वर्षं झाली असतील. पलीकडच्या किनाऱ्यावरून एक नवरी कपड्यांची पेटी घेऊन या बेटावर सासरी निघाली होती. वाटेत तिला बोट लागली आणि ती वऱ्हाडाच्या अंगावर ओकली. तिच्या माळेत मी होते, आणि माझ्या शेजारी तो होता.

त्याला मी शेजारीच म्हणते. आमच्यामध्ये काही लाख मण्यांचं अंतर आहे. तुम्हाला ते फार वाटेल, पण एवढ्या मोठ्या माळेत ते भिंतीला भिंत लागून असल्यासारखंच. हा शेजारी दिसायला अगदी सभ्य. वर्षानुवर्षं हूं की चूं करायचा नाही. मग एखादा धडधाकट माणूस चढ चढत असायचा, होडी ओढत असायचा, आणि शेजारी त्याच्या हृदयाचा ठोका चुकवायचा. चुकलेला ठोका पुन्हा लागायचा नाही. माणूस उभ्या उभ्या जायचा.

गावाने याचा दोष वाऱ्याला दिला. दक्षिणेकडून दमट, डोकं जड करणारा जुगो वारा सुटतो, त्या दिवसांत माणसं जातात असं सगळे म्हणायचे. जुगो सुटला की बायका नवऱ्यांना घराबाहेर पडू देत नसत, आणि नवरे तेवढंच निमित्त धरून दिवसभर पत्ते खेळत. बिचारा वारा. पुढे माझ्यावर जी वेळ आली ती त्याच्यावर चारशे वर्षं आलेली होती.

आता एक गोष्ट नीट ऐकून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रत्येक माणसाकडे दोन माळा असतात, एक आईची आणि एक बापाची. मूल होताना त्या दोन्ही माळा कुठेतरी तुटतात आणि इकडचा तुकडा तिकडे जोडला जातो. लांब लांब बसलेले मणी अशा वेळी एकमेकांपासून सुटतात. शेजारचे सहसा सुटत नाहीत, कारण तुटायची जागा नेमकी त्यांच्या मधे यावी लागते. आमच्या मधे ती कधी आलीच नाही. त्यामुळे जिथे तो, तिथे मी. या बेटावर आमच्यासारखं दुसरं कुणी नव्हतंच.

गावाची एक रीत आहे, तीही सांगते. वेला द्रागात सगळी कामं पाळीने चालतात. घंटा वाजवायची पाळी, पाण्याची टाकी घासायची पाळी, मयताजवळ बसायची पाळी. सगळ्यांत मोठा मान संत विदाच्या सणाचा. जूनमध्ये भर उन्हात, अनवाणी, वीस किलोचा क्रूस खांद्यावर घेऊन टेकडीवरच्या देवळापर्यंत जायचं आणि शेवटच्या शंभर पायऱ्या धावत चढायच्या. मुलगा जन्मला की त्याच दिवशी त्याचं नाव या यादीत घालतात, तेव्हा कुठे विशी ओलांडल्यावर त्याचा नंबर लागतो. बाकीच्या पाळीला कुणाला जमलं नाही, तर त्याचा भाऊबंद जातो, त्याचं नाव सांगतो आणि काम करतो. वहीत नाव ज्याची पाळी त्याचंच लागतं. याला कुणी खोटं म्हणत नाही. नातेवाईक मग असतात कशाला?

अशा गावात डॉक्टर दुब्राव्का रक्त गोळा करायला आल्या.

बाई हुशार होत्या, मनाने चांगल्या होत्या, आणि पायातले बूट त्यांना चावत होते. उभ्या उभ्या मरण्याचा हा आजार वाऱ्याचा नसून वंशातला आहे, हे त्यांनी ताडलं होतं. फक्त एवढ्या माळेत गुन्हेगार शोधायचा कसा? त्यांची युक्ती सोपी होती. माळेवर ठिकठिकाणी माझ्यासारख्या लाखो खुणा आहेत, रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारख्या. ज्यांचं हृदय बिघडलंय त्यांचं रक्त एका बाजूला, निरोग्यांचं दुसऱ्या बाजूला. मग एकेक खूण घ्यायची आणि ती आजाऱ्यांत जास्त दिसते का ते बघायचं. जी दिसेल, तिच्या आसपास गुन्हेगार.

आसपास, हा शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळेच तो विसरले.

डॉक्टरीणबाईंनी नावांची यादी फादर कुझ्मांकडे दिली. फादरांनी रविवारी प्रार्थनेनंतर नावं वाचून दाखवली. कोण सोमवारी, कोण मंगळवारी, कोण बुधवारी. झालं. देवळात नावं वाचली म्हणजे ही पाळीच, असं गावाने धरून चाललं.

शाळेच्या खोलीत दोन रांगा लागल्या. रक्त गेल्यावर अंगात जोर यावा म्हणून गावातल्या बायकांनी बाहेर टेबल मांडलं होतं. प्रत्येकाला ग्लासभर लाल वाइन आणि वाळवलेल्या हॅमचे चार काप. प्रोश्पेरने सोमवारी स्वतःच्या नावाने रक्त दिलं, हॅम खाल्लं आणि विचारात पडला. त्याचा मोठा भाऊ मासेमारीला गेला होता. एका काकाला सुईची भीती होती. मग प्रोश्पेर पुन्हा रांगेत. बुधवारपर्यंत त्याने सात जणांच्या नावाने रक्त दिलं. त्यातलं एक नाव बाईचं होतं, पण नर्सने मान वर केलीच नाही. तिचं सगळं लक्ष शिरेवर. त्या तीन दिवसांत प्रोश्पेरचं वजन वाढलं.

बुधवारी रांगेत त्याच्यापुढे पेरिना होती. पेरिना त्याची मावसबहीण, वय अठ्ठेचाळीस, मासे खारवून डब्यात भरायच्या कारखान्यात काम करणारी.

"तू कशाला उन्हात उभी राहतेस?" प्रोश्पेर म्हणाला. "मी आहेच इथे. तुझंही देऊन टाकतो."

"माझं रक्त मी देईन. तुझ्यात अर्धी वाइन आहे."

पेरिनाला कारण होतं. तिची आई एकोणचाळिसाव्या वर्षी लव्हेंडरच्या शेतात हातात विळा धरून गेली. तीन वर्षांपूर्वी पेरिनाही डबे भरता भरता कोसळली होती. नशिबाने फेरीबोट धक्क्याला लागली होती आणि बोटीवर हृदयाला झटका देणारं यंत्र होतं. तेव्हापासून पेरिनाच्या गळ्याच्या हाडाखाली एक डबी शिवलेली आहे. हृदय थांबलं की ती डबी आतून झटका देते. पेरिनाला स्वतःची चिंता नव्हती. तिला चिंता होती बार्तुलची. बार्तुल तिचा एकुलता मुलगा, चोवीस वर्षांचा. बाप जहाजावर स्वयंपाकी, वर्षातून दोनदा घरी येणारा. आणि यंदा क्रूस उचलायचा मान बार्तुलचा होता.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते जी तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हती. पेरिनाच्या आईत आम्ही दोघंही होतो. पेरिनाची माळ जुळताना ती नको ती जागा आली. माळ नेमकी आमच्या मधे तुटली. शेजारी पेरिनाकडे गेला आणि मी मागे राहिले. चारशे वर्षांची सोबत, आणि मेल्याने साधा निरोपही घेतला नाही. म्हणजे गावात पेरिना ही एकच बाई अशी, जिच्यात तो आहे आणि मी नाही.

रक्ताच्या नळ्या समुद्रापलीकडच्या स्प्लिट शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. प्रोश्पेरच्या सात नळ्यांबरोबर मीही गेले. थंडी फार होती, पण मान मोठा होता. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी संगणकावर ठिपक्यांचा आलेख काढला. सगळ्या खुणा खाली गवतासारख्या, आणि मधेच एक ठिपका वर, खूप वर, एकटाच. ती मी. बत्तीस आजारी, आणि बत्तिसांच्या बत्तिसांत मी. परिषदेत तो आलेख भिंतीएवढा करून दाखवला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी काही केलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगू? मला आवडलं. चारशे वर्षांत कुणी माझ्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण येत असतं तरी मी तेव्हा तोंड उघडलं असतं का, शंकाच आहे.

टाळ्यांच्या आधीच, नळ्या तपासताना त्यांना दुसरी एक गंमत सापडली होती. डॉक्टरीणबाईंनी फादरांना फोन लावला.

"फादर, तुमच्या गावात एका बाईला एकाच वेळी सात जुळी मुलं झालीत का?"

"सात? नाही बुवा. का?"

"सात नळ्यांत रक्त एकाच माणसाचं आहे. त्यात एक उर्सुलाबाई आहेत, आणि त्या पुरुष आहेत."

"तो प्रोश्पेर असणार," फादर कौतुकाने म्हणाले. "फार मोठ्या मनाचा माणूस."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. चौकशी केली तर असे दाते एकवीस निघाले. त्या दिवसापासून त्यांचा या गावावरचा विश्वास उडाला. जी नळी हिशेबात बसली नाही, ती दुसऱ्याच कुणाची असणार असं धरून त्यांनी बाजूला काढली. त्यात एकशे अठरा नंबरची नळी होती. बाई आजारी, आणि रक्तात खूण नाही. अर्थातच बदललेली, असं म्हणून ती रद्द केली. ती पेरिनाची होती.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाई निकाल सांगायला बेटावर आल्या. ज्यांच्यात मी होते त्यांना त्यांनी गोळ्या आणि डबीसाठी स्प्लिटला बोलावलं. प्रोश्पेर त्यांच्यातलाच. पुढचा नंबर पेरिनाचा होता. प्रोश्पेर दाराबाहेर बाकावर सुतकी चेहरा करून बसला होता आणि दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पेरिनाबाई, तुमच्या नावाच्या नळीत खूण नाही. म्हणजे ते रक्त तुमचं नाही. मी रागावत नाही, सगळ्या गावाने तेच केलंय."

"मी स्वतः दिलंय. डाव्या हाताला दोनदा टोचलं तुमच्या त्या लाल केसांच्या पोरीने, शीर सापडेना म्हणून. मी तिला म्हटलंसुद्धा, बाई, मासे साफ करायला आलीस तर तुला कुणी ठेवून घेणार नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "बरं, राहू द्या. तुमचा आजार आम्हाला माहीतच आहे, त्यासाठी नळी लागत नाही. प्रश्न बार्तुलचा होता. त्याचं रक्त मी स्वतः काढलं होतं, त्यात खूण नाही. हृदयाची तपासणीही साफ आहे. तुमची चांगली माळ त्याच्याकडे गेली. सुटला तो. गावाला वाइन पाजा."

पेरिना उठली नाही.

"नळी माझी असेल, तर माझ्यात खूण नाही आणि तरी मी आजारी आहे. बरोबर?"

"नळी तुमची असेल तर. पण ती नाही."

"आणि माझ्यात खूण नसून मी आजारी असेन, तर माझ्या मुलात खूण नाही म्हणून तो बरा, हे कशावरून?"

डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा चाळले.

"असं होत नाही, पेरिनाबाई. बत्तीस आजाऱ्यांत बत्तिसांमध्ये खूण आहे."

"कारण मला तुम्ही मोजलं नाही. मी तेहतिसावी." पेरिनाने बाही वर केली. "घ्या, आत्ता घ्या रक्त."

डॉक्टरीणबाईंकडे तेव्हा फक्त कागद होते. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला आणि त्या निघाल्या.

गावाला पेरिना काय म्हणतेय तेच कळेना. मुलगा ठणठणीत आहे हे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि आईचं तोंड उतरलेलं. बायका तोंडावर म्हणायला लागल्या, "तुला पोराचं बरं झालेलं बघवत नाही का गं?" फादरांनी तिला समजावलं की देवाने दिलेलं चांगलं नाकारू नये. ती म्हणाली, "देवाने दिलंय की डॉक्टरांनी, ते आधी कळू द्या."

बार्तुलने तळवे कणखर व्हावेत म्हणून अनवाणी फिरायला सुरुवात केली होती. खांद्यावर मिठाची पोती घेऊन तो रोज धक्क्यावरच्या पायऱ्या चढायचा. ते बघितलं की पेरिना हातातलं काम टाकून त्याच्यामागे जायची.

"यंदा नको," ती म्हणायची. "पुढच्या वर्षी."

"आई, चोवीस वर्षं नाव आहे माझं यादीत. डॉक्टर म्हणतायत मी बरा आहे. तू एकटीच म्हणतेस मी आजारी. तुला पाहिजे काय नक्की?"

ती पोत्याकडे बघत राहायची.

एप्रिलच्या अखेरीस ती फेरीबोटीत बसली. साक्षीला फादर कुझ्मा आणि प्रोश्पेरला घेतलं. प्रोश्पेरची डबी नुकतीच बसली होती आणि त्याला ती शहरात सगळ्यांना दाखवायची होती. तिघंही प्रयोगशाळेत पोहोचले आणि पेरिना डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीतच जाऊन बसली.

"तुम्ही स्वतः टोचा," ती म्हणाली. "फादर शेजारी उभे राहतील. या प्रोश्पेरला बाहेर काढा, नाहीतर हा बाही वर करेल."

"मी काय केलं आता?" प्रोश्पेर दारातून म्हणाला.

"बाहेर."

डॉक्टरीणबाईंना आधी राग आला. मग त्यांनी पेरिनाच्या हाताकडे पाहिलं. खाऱ्या पाण्याने फाटलेला तो हात टेबलावर पालथा पडला होता. त्यांनी रक्त काढलं. नळी गरम असतानाच पेरिनाने चिठ्ठीवर आपलं नाव लिहिलं, फादरांनी खाली सही केली आणि क्रूसाची खूणही काढली, तीही गरज नसताना.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मी तिथेच होते, प्रोश्पेरच्या जुन्या नळ्यांत. नव्या नळीत मी नाही हे लाल केसांच्या मुलीने पाहिलं. मग तिने एकशे अठरा नंबरची रद्द नळी शोधून काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. मणी न् मणी सारखा. पहिल्या दिवशीही ते रक्त पेरिनाचंच होतं.

डॉक्टरीणबाई कोट न काढताच खाली बसल्या. "त्या गावात एक बाई खरं सांगत होती," त्या म्हणाल्या, "आणि आपण नेमकं तिलाच काढून टाकलं."

पुढचं काम त्यांनी झपाट्याने केलं. तेहतीस जणांच्या माळा एकाखाली एक मांडल्या. बत्तिसांमध्ये एक लांब पट्टा सारखा होता आणि त्यात मी ऐटीत बसलेली. तेहतिसाव्या माळेत तो पट्टा माझ्या अलीकडेच तुटला होता. म्हणजे मी बाहेर. उरलेल्या तुकड्यात मोजकेच मणी होते, आणि हृदयाच्या स्नायूचं काम पाहणाऱ्या जागेवर शेजारी बसला होता. पकडला. चारशे वर्षं माझ्या पदराआड राहून गावातली माणसं मारत होता, शेवटी एका मासे भरणाऱ्या बाईने त्याला बाहेर ओढला.

माझी किंमत त्या दुपारी शून्य झाली. आलेखावरचं माझं नाव पुसून दुसरं लिहिलं. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण लगेच त्यांनी बार्तुलची नळी बाहेर काढली आणि मग मला स्वतःचं काही वाटेनासं झालं.

सणाच्या दोन दिवस आधी डॉक्टरीणबाई बोटीतून उतरल्या. निकाल त्या फोनवर सांगू शकल्या असत्या, पण त्या स्वतः आल्या. पेरिनाच्या स्वयंपाकघरात प्रोश्पेर आधीच हजर होता, रिकामी बाटली भरून न्यायला. बार्तुल पाय धूत होता.

"नळी तुमचीच होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा. माझं चुकलं, पेरिनाबाई. खूण नुसती शेजारची होती. खरा दोष वेगळा निघाला. तो तुमच्यात आहे." त्यांनी बार्तुलकडे बघितलं. "आणि याच्यातही आहे."

तुम्हाला वाटेल, पेरिनाला जिंकल्यासारखं वाटलं असेल. छे. तीन महिने ती सगळ्या जगाशी भांडली होती, पण मनातून तिला हरायचं होतं. कुणीतरी तिला खोडून काढावं, वेडी ठरवावं, आणि पोरगा बराच निघावा, यासाठी ती भांडत होती. मुलगा आजारी आहे हे सिद्ध करायला इतकी झगडलेली दुसरी आई मी चारशे वर्षांत पाहिली नाही.

"मला वाटलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मला खोटी पाडाल."

बार्तुलने पाय पुसले. "झालं तुझ्या मनासारखं?" तो आईला म्हणाला आणि निघून गेला.

क्रूस यादीतल्या पुढच्याने नेला. बार्तुल त्या वेळी धक्क्यावर मिरवणुकीकडे पाठ करून बसला होता. आठवड्याने स्प्लिटला जाऊन त्याने डबी बसवून घेतली, पण आईशी बोलणं टाकलं. एका घरात राहायचे आणि शब्द नाही. ती ताट झाकून ठेवायची. तो ती झोपल्यावर जेवायचा किंवा जेवायचाच नाही. उन्हाळा गेला, द्राक्षं गेली, ऑलिव्ह गेले. गावातले लोक म्हणायचे, पोराचा मान घालवला बाईने, डबी तर उगाचच. दिसतोय की धडधाकट.

जानेवारीत एका दुपारी जुगो सुटला. बार्तुल आणि प्रोश्पेर धक्क्यावर माशांची खोकी चढवत होते. तिसरं खोकं उचलताना बार्तुलचे गुडघे वाकले आणि तो आडवा झाला. प्रोश्पेर बोंबलायला लागला. मी त्याच्या आत होते आणि मला कळत होतं काय चाललंय. शेजारी जागा झाला होता. बार्तुलचं हृदय थांबलं होतं. मी मोजत होते. पाच, सहा, सात. मला फार भीती वाटली.

मग त्याचं सगळं अंग उसळलं. छातीवर घोड्याने लाथ मारली असं वाटलं, असं त्याने नंतर सांगितलं. त्याने डोळे उघडले, प्रोश्पेरला एक सणसणीत शिवी दिली आणि उठून बसला. कुणाचं काही न ऐकता तो चढ चढून घरी निघाला, हळूहळू, भिंतीला धरून. प्रोश्पेर रडत मागे.

पेरिना चुलीपाशी होती. बार्तुल ओल्या कपड्यांनिशी बाकावर बसला. चेहरा पिठासारखा पांढरा झालेला. पेरिनाने एकदा त्याच्याकडे, एकदा दारातल्या प्रोश्पेरकडे बघितलं आणि तिला विचारावं लागलं नाही.

"आई," तो म्हणाला. सात महिन्यांत पहिल्यांदा. "काय शिजवलंयस?"

"बटाटे आणि पालेभाजी."

"वाढ."

ती वाढायला लागली. एक पळी, दुसरी पळी, तिसरी. ताट भरलं, भाजी टेबलावर सांडायला लागली, तरी तिचा हात थांबेना. बार्तुल तिला थांबवत नव्हता.

माझं म्हणाल तर आता मला कुणी शोधत नाही. शास्त्रज्ञांच्या लेखात मी एका तळटीपेत आहे, बारीक अक्षरात. गावातले लोक मात्र अजून मलाच गुन्हेगार समजतात. प्रोश्पेर दोन ग्लास झाले की माझ्या नावाने बोटं मोडतो, आणि मी त्याच्याच आत बसून ऐकते. तिथून मी काही हलणार नाही. हॅम चांगलं मिळतं.

तुम्हाला एकच विनंती. मी पुन्हा कधी कुठल्या गुन्ह्याच्या जागी उभी दिसले, तर टाळ्या वाजवण्याआधी शेजारीपाजारी चौकशी करा. आणि बत्तीस जण एक सांगत असताना तेहतिसावी बाई दुसरंच सांगायला लागली, तर तिची नळी फेकू नका. बार्तुलच्या माळेत मी नाही, कधी असणारही नाही. त्याने मला शिव्या दिल्या तरी चालेल. तो जेवतोय, आणि समोर बसून त्याची आई बघतेय. एवढं दिसलं, आता मी गप्प बसते.